अनोळखी माणसे आणि एक छोटी वही

मुंबईहून पुण्याकडे निघालेल्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या कर्जत स्थानकात काही मिनिटे थांबतात. पुढे बोरघाट आहे. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या या घाटमार्गावर ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे आणि तो चढून जाण्यासाठी गाडीच्या मागे जादा इंजिने जोडावी लागतात. ती जोडली जाईपर्यंत प्रवाशाच्या हाती थोडा रिकामा वेळ येतो. कर्जतचा दिवाडकरांचा वडा नावारूपाला आला तो या रिकाम्या वेळाच्या आधारानेच. खिडकीतून बाहेर आलेला पैशांचा हात, खालून वर गेलेला पुडीचा हात, गाडी हलली तरी सुट्ट्या पैशांसाठी तिच्याबरोबर चालत राहणारी पावले, हे दृश्य कित्येक पिढ्यांनी पाहिले आहे.

आज त्याच मिनिटांत डब्यातून नजर फिरवली तर बहुतेक माना खाली झुकलेल्या दिसतात. वडा अजूनही घेतला जातो. विकणाऱ्याचा चेहरा मात्र किती जणांना आठवेल याची शंका आहे. रिकाम्या वेळी आपले लक्ष कोठे जाते, हा प्रश्न वरकरणी शिष्टाचाराचा वाटतो. परंतु मनाची अस्वस्थता, एकटेपणा आणि स्मरण यांच्याशी त्याचा जवळचा संबंध असल्यामुळे तो आरोग्याचाही आहे. त्यावरील एका जुन्या, स्वस्त आणि घरातील कोणालाही जमेल अशा उपायाचा येथे विचार करावयाचा आहे. समोर बसलेल्या अनोळखी माणसाचे, तो जसा बसला आहे तसे, लहानशा वहीत रेखाटन करणे, एवढाच तो उपाय.

या छंदाला आता जगभर संघटित रूप आले आहे. सिएटल येथील वृत्तपत्रात काम करणारे चित्रकार-पत्रकार गॅब्रिएल कम्पानारियो यांनी २००७ मध्ये ‘अर्बन स्केचर्स’ हा उपक्रम सुरू केला. जागेवर बसून, डोळ्यांना दिसेल तेच काढायचे, हा त्याचा मुख्य दंडक. मुंबई व पुणे येथेही असे गट एकत्र जमून चित्रे काढतात. मात्र ही गोष्ट आपल्याकडे परदेशातून आली असे समजण्याचे कारण नाही. सर ज. जी. कला विद्यालयाचे विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या स्थानकांवर आणि बाजारांत बसून वह्या भरत आले आहेत. त्याच विद्यालयात घडलेले आणि तेथेच आयुष्य वेचलेले रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७-१९४४) यांची मुंबईच्या रस्त्यांवरील माणसांची चित्रे पाहावीत. एस. एम. एडवर्ड्स यांच्या मुंबईवरील १९१२ सालच्या पुस्तकात आणि ऑटो रॉथफेल्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील १९२० सालच्या पुस्तकात ती आहेत. पगडीचा पीळ, लुगड्याचा काष्टा, डोक्यावरच्या ओझ्याने ताठ झालेली मान यांत प्रत्येक समाजाची आणि प्रत्येक धंद्याची ढब वेगळी आहे. पाहण्याची इतकी बारीक सवय रस्त्यावर उभे राहिल्याखेरीज लागत नाही.

गोव्यातील लोटलीचे मारिओ मिरांडा (१९२६-२०११) तरुणपणी रोजनिशी लिहीत त्याहून अधिक ती चितारीत. १९४९, १९५० आणि १९५१ या तीन वर्षांच्या त्यांच्या चित्रमय रोजनिश्या पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. त्यांत थोर विषय शोधून सापडत नाहीत. शेजारीपाजारी आहेत, समारंभ आहेत, प्रवासात भेटलेली माणसे आहेत. कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारमध्ये जाणारा माणूस आजही भिंतीवरच्या त्यांच्या गर्दीखाली बसून चहा पितो. जहांगीर कलादालनातील ‘समोवार’ हे उपाहारगृह १९६४ पासून २०१५ पर्यंत चित्रकारांचे बैठकीचे ठिकाण होते. चहाचा पेला आणि रेखाटनाची वही यांचे सख्य मुंबईला अपरिचित नव्हते, एवढे यावरून ध्यानात यावे.

कर्जत-खालापूर परिसरात ‘कॅफे’ हा शब्द तसा नवा. शेतघरे आणि रिसॉर्ट वाढत गेले, त्यांच्यामागून शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी कॅफे आले. तेथे बसून रेखाटन करण्यास कोणतीच हरकत नाही. फक्त तेथे दिसतात ती बहुधा आपल्यासारखीच शहरातून आलेली माणसे. या भागाचा खरा कॅफे म्हणजे स्थानकाबाहेरची चहाची टपरी, एसटी स्थानकाजवळचे उपाहारगृह आणि कर्जत-खोपोली लोकलचा डबा. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी छोटी स्थानके घेत ही गाडी खोपोलीला पोचते. दुपारच्या वेळी डब्यात गर्दी बेताची असते, प्रवास लहान असतो आणि समोरच्या बाकावरचा माणूस पुढच्या स्थानकापर्यंत तरी हलणार नाही अशी खात्री असते. शिकणाऱ्याला याहून सोयीची शाळा सापडणे कठीण.

द्रुतगती मार्गावरील खालापूरच्या टोलनाक्याच्या परिसरातील फूड मॉलही एक नमुनेदार जागा आहे. बस थांबते, माणसे उतरतात, खातात आणि पुन्हा चढतात. एकमेकांच्या इतक्या जवळ बसून एकमेकांना इतके न पाहणारी गर्दी क्वचितच आढळेल. चालक सहसा प्रवाशांपासून दूर बसतो. चहा पिताना त्याचे खांदे खाली येतात आणि हाताची बोटे स्टिअरिंग सुटल्यासारखी ताणली जातात. चित्र काढणाऱ्याला हे दिसते, कारण त्याला ते खांदे कागदावर उतरवायचे असतात. इतरांना तो फक्त ‘ड्रायव्हर’ असतो.

महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांची प्रमाणपत्रे जपून ठेवलेली असतात. या परीक्षांत स्मरणचित्राचा विषय असतो. बसथांबा, भाजीबाजार, पाणवठा अशी दृश्ये मुलांनी आठवून काढायची असतात. मूळ कल्पना अतिशय सुंदर आहे. जे नित्य पाहता ते मनातून कागदावर आणा, असे ती सांगते. प्रत्यक्षात बरीच मुले चार-पाच ठरावीक माणसे पाठ करून जातात. एक टोपली घेतलेली बाई, एक छत्री धरलेला गृहस्थ, एक पाठमोरा मुलगा. बसथांब्यासाठी तीच माणसे आणि जत्रेसाठीही तीच. मुलाने कर्जतच्या एसटी स्थानकात अर्धा तास काढला असता, तर टोपली घेतलेली बाई उभी राहताना आधी एक हात गुडघ्यावर टेकते, हे त्याला कोणी शिकवावे लागले नसते. पाठ केलेल्या चित्राला गुण मिळतात, हे मान्य. परंतु त्या परीक्षेचा जो खरा लाभ होता तो अशा मुलाच्या हाती येत नाही.

मोठी माणसेही पाठ केलेलेच काढतात. ‘मला चित्रकला येत नाही’ असे म्हणणाऱ्याला चेहरा काढण्यास सांगावे. तो डोळे जवळजवळ कपाळावर काढील. प्रत्यक्षात डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. रोज आरशात दिसणारी ही गोष्ट आपण पाहिलेलीच नसते, कारण मेंदू ‘डोळा’ ही खूण ओळखतो आणि पुढे जातो. दैनंदिन व्यवहारासाठी ही काटकसर आवश्यकच आहे. परंतु माणसांच्या बाबतीत तीच सवय जडली की ‘म्हातारा’, ‘भाजीवाली’, ‘रिक्षावाला’ अशा खुणा उरतात आणि माणूस निसटतो. रेखाटनाचा हात या घाईला आवर घालतो. किमोन निकोलाईडिस या चित्रकला-शिक्षकाच्या १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातील एक सराव यासाठी उत्तम आहे. नजर समोरच्या माणसाच्या बाह्यरेषेवरून मुंगीच्या गतीने फिरवायची, त्याच गतीने पेन कागदावरून फिरवायचे, आणि कागदाकडे मुळीच पाहायचे नाही. चित्र विचित्र येते. पाहणे मात्र पक्के होते.

शरीर आणि मन यांवर याचा काय परिणाम होतो, याचा थोडाफार अभ्यास झाला आहे. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटे चित्र-शिल्पाचे साहित्य देऊन मनाजोगते काम करू दिले आणि आधी व नंतर त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल मोजले. कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक आहे. सुमारे ७५ टक्के जणांत ते कमी झालेले आढळले, आणि पूर्वी चित्रे काढण्याची सवय होती की नव्हती, याने विशेष फरक पडला नाही. २०१६ चा हा अभ्यास लहान होता आणि त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हेही सांगितले पाहिजे. त्याच वर्षी कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखविले की एखादा शब्द लिहून काढण्यापेक्षा त्या वस्तूचे चित्र काढले तर तो अधिक लक्षात राहतो. २०१८ च्या पुढच्या अभ्यासात वृद्धांनाही असा लाभ झाल्याचे दिसले. चित्र चांगले येण्याची अट त्यात नव्हती.

या संदर्भात लिंडा हेंकेल यांचा २०१४ मधील प्रयोग अधिक बोलका आहे. संग्रहालयात फिरताना ज्या वस्तूंची छायाचित्रे घेतली, त्या वस्तू लोकांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. जणू लक्षात ठेवण्याचे काम त्यांनी कॅमेऱ्यावर सोपवले होते. मात्र वस्तूचा एखादा भाग जवळून टिपला तेव्हा ही हानी दिसली नाही. तेव्हा सगळा दोष यंत्राच्या माथी मारणे योग्य नव्हे. लक्ष कोठे थांबले, यावर पुष्कळ अवलंबून असते. रेखाटनात ते थांबतेच, कारण हाताला डोळ्यांहून अधिक वेळ लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन कला आणि आरोग्य यांच्या संबंधांवर अहवाल प्रसिद्ध केला आहे. तरीही वहीला औषध समजू नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी टिकली, झोप आणि भूक बिघडली, किंवा घरातील वृद्धांना ओळखीची नावे व वाटा आठवेनाशा झाल्या, तर डॉक्टरांकडे जाणे हाच मार्ग. रेखाटन त्याच्या जोडीला चालू राहू शकते, त्याच्या जागी नाही.

चिंतेने ग्रासलेले मन स्वतःभोवती फिरत राहते. समोरच्या माणसाच्या चपलेचा पट्टा कोठे तुटला आहे आणि तो कशाने बांधला आहे, हे काढीत असताना मनाला काही काळ बाहेर राहावे लागते. अनेकांना या छंदाची गोडी लागते ती मुख्यतः या सुटकेसाठी. परंतु बाहेर गेलेले मन तेथे काय पाहते, यालाही महत्त्व आहे, आणि कर्जत-खालापूरसारख्या ठिकाणी तर अधिकच.

या दोन तालुक्यांत शहरातून येणारा पाहुणा डोंगर पाहतो, धबधबा पाहतो, भातशेतीची हिरवाई पाहतो. माणसे त्या हिरवाईचा भाग होऊन जातात. पावसाळ्याच्या तोंडाशी ठाकूर आणि कातकरी स्त्रिया शेवळे, कोरळ, टाकळा, भारंगी अशा रानभाज्या घेऊन बाजारात बसतात. त्यांच्या हातांचे एकदा रेखाटन करून पाहावे. जुडी बांधताना डाव्या हाताची मूठ मापाचे काम करते. प्रत्येक जुडी जवळपास सारखी येते. पानांवर पाणी शिंपडणारी बोटे कोणाकडेही न पाहता शिंपडत राहतात. गिऱ्हाईक घासाघीस करू लागले की हात थांबत नाहीत, फक्त मान वळते. दहा मिनिटे हे काढल्यावर दहा रुपयांसाठी हुज्जत घालण्याची इच्छा बहुधा उरत नाही. पहाटे उठून रानात केलेली पायपीट त्या पायांवर दिसू लागते.

पाऊस सरला की याच स्थानकांवर आणि नाक्यांवर कातकरी कुटुंबे बोचकी बांधून बसलेली दिसतात. वीटभट्टीच्या हंगामासाठी सारे घरच हलते. एरवी ‘गर्दी’ या एका शब्दात मिटून जाणाऱ्या या बोचक्यांचे चित्र काढायला घेतले की आत काय काय आहे ते एकेक करून समोर येते : पातेली, गोधडी, बाळाची झोळी, कधी पायाला दोरी बांधलेली कोंबडी. आणि मग शाळेच्या वयाची मुलेही मोजली जातात. ती पुढले काही महिने कोठे असतील, हा प्रश्न चित्र काढणाऱ्याच्या मनात आपोआप उभा राहतो. छंद म्हणून हाती घेतलेली वही अशी थोडी जड होत जाते. ते टाळता येण्यासारखे नाही आणि टाळूही नये, असे मला वाटते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे बेपत्ता राहिली. इर्शाळगडावर जाणारी वाट याच ठाकूरवाडीतून जात असे. गिर्यारोहक येथे विसावत, पाणी पीत, चहा घेत. गडाची आणि माथ्याजवळच्या नेढ्याची छायाचित्रे असंख्य आहेत. चहा करून देणाऱ्या हातांची किती असतील? अशा आपत्तीला छंदाच्या समर्थनासाठी वापरणे अनुचित होईल. रेखाटनाने दरड थांबत नाही. पण एखाद्या वाडीतून शेकडो माणसे वर्षानुवर्षे जातात आणि ती त्यांच्या आठवणीत केवळ ‘गडाची वाट’ म्हणून राहते, याचे काय ते ज्याचे त्याने पाहावे.

या मातीतील चेहऱ्यांपाशी थांबणारे कलावंत येथेच आहेत, ही समाधानाची बाब. कर्जतचे पेस्टल चित्रकार पराग बोरसे यांनी धनगर आणि इतर कष्टकरी माणसांची व्यक्तिचित्रे निष्ठेने केली असून अमेरिकेतील पेस्टल सोसायटीनेही त्यांच्या कामाची दखल घेतली आहे. आपल्या घरगुती वहीला ती पातळी गाठायची नाही. त्यांच्या चित्रांतील सुरकुत्यांकडे मात्र मुलांना घेऊन अवश्य पाहावे.

अनोळखी माणसाचे चित्र काढताना शिष्टाचार सांभाळावा लागतो, आणि याबाबत ढिलाई नको. कोणालाही एकटक निरखले जाणे आवडत नाही. एकट्या बसलेल्या स्त्रीला तर ते भीतिदायकही वाटू शकते. म्हणून आरंभ पाठमोऱ्या आकृतींपासून, हातांपासून, पिशव्यांपासून करावा. नजर थोडी थोडी टाकावी आणि स्मरणाने काढावे. समोरच्याच्या लक्षात आले तर वही झाकू नये, हसून दाखवावी. चेहरा ओळखू येईल असे काढायचे असेल तर सरळ विचारावे : “मावशी, तुमचं चित्र काढू का?” मान नकारार्थी हलली की विषय संपला. लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांना विचारल्यावाचून पेन उचलू नये. रुग्णालयाच्या बाकावर रडणारा माणूस किंवा स्थानकात भांडणारे जोडपे यांचे चित्र कितीही मोहक वाटले तरी वही बंद ठेवावी. आणि काढलेले चित्र समाजमाध्यमावर टाकण्यासाठी वेगळी परवानगी लागते, हे घरातील तरुणांना समजावून सांगावे. भाजीवालीचे चित्र काढायचे तर आधी भाजी घ्यावी, असा एक नियम मी सुचवीन. अर्थात घासाघीस न करता.

साहित्य अगदी थोडे पुरते. तळहाताएवढी जाड कागदाची वही आणि एक काळे पेन. खोडरबर घरी ठेवावा, कारण तो हाती असला की पाहण्यापेक्षा पुसण्यात वेळ जातो. आपल्याकडच्या पावसाळ्यात कागद सर्द होतो आणि शाई फुटते. तेव्हा वही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावी आणि जून ते सप्टेंबर पेन्सिल वापरावी. वही मांडीवर ठेवून मान मोडेपर्यंत वाकण्यापेक्षा ती छातीच्या उंचीला धरावी, म्हणजे नजर वर-खाली होते आणि मानेला ताण पडत नाही. जवळच्या कागदावरून दूरच्या माणसाकडे वारंवार जाणाऱ्या डोळ्यांनाही एकाच अंतरावर खिळून राहावे लागत नाही. ज्यांचा हात थरथरतो अशा वृद्धांना बारीक पेनापेक्षा जाड, मऊ पेन्सिल किंवा कोळशाची कांडी सोयीची पडते. मनगट न टेकता खांद्यापासून हात हलवला की रेषा मोकळी येते. थरथर नव्याने सुरू झाली असेल तर मात्र ती डॉक्टरांना दाखवावी.

आजोबा आणि नात यांनी मिळून ही सवय लावून घेतली तर उत्तमच. एकच माणूस दोघांनी काढावा आणि मग वह्या शेजारी ठेवाव्यात. नातीने टोपी काढलेली असते, आजोबांनी काठी. कोणाला काय दिसले यावरून जे बोलणे सुरू होते ते ‘आज शाळेत काय झाले?’ या प्रश्नाने सहसा होत नाही. सेवानिवृत्तीनंतर घरात कोंडल्यासारखे झालेल्यांना, विशेषतः बोलण्याचा संकोच असणाऱ्या पुरुषांना, ही वही बाजारात बसण्याचे एक सभ्य निमित्त देते. वही उघडली की कोणीतरी मागे येऊन उभे राहतेच आणि ओळख नसताना संभाषण सुरू होते.

ज्याचे चित्र काढले त्याला ते देण्याची वेळ आली तर पान फाडून देण्यास कचरू नये. चित्र साधले नाही याची खंत बहुधा आपल्यालाच असते. घेणारे तपासतात ते वेगळेच. नथ आली का, टोपीवरचा डाग कशाला काढलात, मागचा बैल कुठे गेला? आणि भाजीवाल्या मावशींच्या चित्रात टोपली अर्धीच भरलेली दिसली, तर ती तिथल्या तिथे पुरी भरून द्यावी लागेल, एवढी तयारी असू द्यावी.